उरलेला माल

"ऐकलंस का गं? कोपऱ्यावरच्या बंगल्यात रातोरात डांबर पडलं. गेटापासून थेट पायरीपर्यंत. काळंकुळकुळीत!"

काकूंनी भिंतीवर दोन्ही कोपरं टेकली की समजायचं, बातमी ताजी आहे आणि तिला शेपूटही आहे. मी गिरणी बंद केली, हातावरचं पीठ झटकलं आणि भिंतीपाशी गेले. शेपूट असं होतं: बाहेरच्या रस्त्याचं डांबरीकरण चाललंय, तिथला सुपरवायझर संध्याकाळी दारोदार फिरला. माल उरलाय, परत न्यायचा म्हणजे वाया जाणार, निम्म्या भावात अंगण करून देतो, फक्त पैसे रोख. बंगलेवाल्यांनी लगेच दिले. आज सकाळी तोच बाबा काकूंच्या दारात येऊन गेला, आणि काकूंचं मन डळमळलं.

"उरला कसा पण?" पलीकडच्या भिंतीवरून आवाज आला. अण्णांचा. सगळी हयात डांबराच्या गँगवर मुकादम म्हणून काढलेला माणूस. अजूनही नवा रस्ता दिसला की चप्पल काढून तळव्यानं चाचपून बघतो. "वैनी, लांबी-रुंदी-जाडी मोजून माल मागवतात. गाडीभर उरला, म्हणजे कुठंतरी रस्ता तेवढा पातळ झाला. बहुतेक तुमच्याच दारासमोरचा."

"म्हणजे माझ्याच रस्त्यातलं डांबर मलाच विकतोय?"

"तसंच असेल असं नाही. पाऊस येतो, रोलर बंद पडतो, खरंच उरतो कधीकधी. पण मग तो गार झालेला असतो."

आणि अण्णा सुरू झाले. प्लांटमधून माल निघतो तेव्हा दीडशे अंशांच्या वर तापलेला असतो. शंभराच्या खाली यायच्या आत तो पसरून, रोलर फिरवून मोकळं व्हायचं. एकदा का गार झाला की वरून कितीही दाबा, खडी खडीला धरत नाही, आत बारीक पोकळ्या राहतात आणि पहिल्याच पावसात पाणी तिथं घर करतं. महापालिकेचा स्वतःचा प्लांट येरवड्याला आहे. तिथून निघालेली गाडी मुंढव्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकली की काय होत असेल याचा विचार आपण करावा, असं अण्णा म्हणाले, आणि आम्ही दोघींनी केला.

"ओळखायचं कसं?" मी विचारलं.

"गाडीतून निळसर धूर निघतोय तर माल करपलाय, डांबराचा चिकटपणा गेला. धूर नाही, चमक नाही, फावड्याला ढेकळं येतायत, तर गारठलाय. चांगला माल लोण्यासारखा सुटतो आणि काळा चमकतो. बंगल्यात टाकला तो किती वाजता टाकला?"

"रात्री नवाच्या पुढं. मी दूध विरजायला उठले होते ना, तेव्हा आवाज आला."

"आणि रोलर?"

"रोलर कुठला! तो हातानं चालवायचा, धडधड करणारा आणला होता."

अण्णा फक्त हसले.

त्यांच्या जुन्या गोष्टी आम्हाला पाठ आहेत, तरी ऐकायला बऱ्या वाटतात. तेव्हा डांबराचे ड्रम रस्त्याच्या कडेलाच फोडायचे, खाली लाकडं पेटवायची, झारीनं डांबर शिंपायचं. पायांना गोणपाट गुंडाळलेल्या बाया गरम खडीची घमेली डोक्यावरून न्यायच्या. मूल तिथंच कडेला, साडीच्या झोळीत. आता पेव्हर मशीन आलं, सेन्सर आले. "मशीनला कळतं जाडी किती ती," अण्णा म्हणतात, "पण खाली काय आहे ते मशीनला कळत नाही."

खाली म्हणजे आमची मांजरीची माती. नदीकडची सगळी काळी. वांग्याला, उसाला सोन्यासारखी. इथल्या मांजरी गोटा वांग्याचं नाव ऐकलं नाही असा शेतकरी महाराष्ट्रात कमी. पण रस्त्याला तीच माती वैरीण. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळून आक्रसते, आणि वरचं डांबर तिच्याबरोबर वर-खाली होता होता तडकतं. म्हणून काळी माती खणून काढायची, मुरूम भरायचा, पाणी मारून दबाई करायची, त्यावर खडी आणि कच, पुन्हा दबाई. घराच्या अंगणात नुसती चारचाकी यायची असली तरी सहा-आठ इंच दाबलेला थर हवा, आणि त्याच्यावर कुठं दोन इंच डांबर. अण्णांचं म्हणणं, पैसे मोजायचे ते खालच्या कामाचे मोजावेत, कारण वरचा काळा रंग सगळ्यांनाच दिसतो.

"बंगल्यात खाली काय घातलं?"

"खाली फरशी होती जुनी. तिच्यावरच ओतलं," काकू म्हणाल्या. "तू म्हणशील मी डोकावले. डोकावले तर डोकावले."

मग काकूंनी हुकमाचं पान काढलं. त्यांचं माहेर शिवाजीनगरचं. "पण आमचा जंगली महाराज रस्ता! त्याला कुठं खड्डे पडले?"

पुण्यात डांबराची गोष्ट निघाली की गाडी डेक्कनला वळणारच. श्रीकांत शिरोळे तेव्हा महापालिकेच्या स्थायी समितीचे अध्यक्ष होते. मुंबईत इतका पाऊस पडून तिथले रस्ते टिकतात कसे, याचा छडा लावत ते रेकॉन्डो नावाच्या कंपनीपर्यंत पोचले. दोन पारशी भावांची कंपनी. हॉट मिक्सचं काम, आणि चक्क दहा वर्षांची हमी, लिहून. १ जानेवारी १९७६ रोजी रस्ता तयार झाला आणि दहा वर्षं सोडाच, पुढे कित्येक दशकं त्याच्यावर खड्डा शोधावा लागायचा. त्या कंपनीला पुण्यात पुढे काम का मिळालं नाही, यावर तर गेली पन्नास वर्षं पुणेकर हळू आवाजात बोलतायत. काकूंनीही आवाज हळू केला, जणू मांजरीच्या आमच्या गल्लीत कुणी ठेकेदार कान लावून बसला होता.

"खड्डा पडला नाही तर बुजवायचं टेंडर कशाचं काढणार?" त्या म्हणाल्या.

"ते आहेच," अण्णा म्हणाले, "पण नुसतं तेवढं नाही वैनी. त्या रस्त्यावर पाणी थांबत नाही. आणि सारखा सारखा खणला नाही कुणी. आपला बघा."

आपला बघण्यासारखा आहे खरा. ग्रामपंचायत होती तेव्हा पाऊण इंचाचा कारपेट आणि वर सीलकोट, एवढ्यावर भागायचं. ३० जून २०२१ ला इतर बावीस गावांबरोबर मांजरी बुद्रुक महापालिकेत गेलं, आणि मग ड्रेनेज आलं, पाण्याची लाइन आली, केबल आली. प्रत्येकानं आपापला चर खणला. चर भरताना माती तशीच लोटायची, वरून डांबराचा पट्टा मारायचा. जूनमध्ये ती माती खचते आणि पट्टा मधोमध बसतो. खोदाई पावसाळ्याच्या आत आवरायची असा नियम असतो, आणि म्हणूनच मेच्या शेवटी सगळ्यांना एकदम घाई होते. भर पावसात हॉट मिक्स टाकता येत नाही. मग खड्ड्यात पेव्हिंग ब्लॉक नाहीतर नुसता मुरूम. तिथं स्कूटर घसरून पडणाऱ्याला कोण विचारतं.

"खड्डा बुजवायचा तर असा," अण्णांनी भिंतीवर बोटानं चौकोन काढला. "कडा सरळ कापायच्या, आतला सैल माल काढायचा, झाडून कोरडा करायचा, कडांना आणि तळाला इमल्शन मारायचं, मग माल, मग दबाई, रस्त्यापेक्षा जरासा उंच. खड्ड्यात घमेलं पालथं करून वरून टेम्पो फिरवला म्हणजे बुजवलं नव्हे."

आमच्या पुढच्या चौकात एक लग्नाचं कार्यालय आहे. नाव घेत नाही, माझ्या पिठाचं गिऱ्हाईक आहे. त्यांनी मोठ्या हौसेनं पार्किंगला डांबर केलं. कडेला दगडी पट्टी नाही, त्यामुळं आत-बाहेर करणाऱ्या गाड्यांनी कडा कुरतडल्या. जनरेटरची गाडी कायम एकाच जागी. तिचं डिझेल ठिबकतं. डिझेलनं डांबर विरघळतं, हे मला अण्णांनी सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. दोघंही तेलातूनच निघालेले, एक दुसऱ्याला पातळ करतो. तिथं आता बोट खुपसलं तर आत जातं. एप्रिलच्या लग्नांत तर मोटारसायकलींची स्टँडं रुतून बसतात आणि वऱ्हाडी एकमेकांच्या गाड्या आडव्या पडलेल्या बघत जेवतात.

"जड गाडी उभी राहणार तिथं काँक्रीटच करायला हवं होतं," अण्णा म्हणाले. "बाकीचं डांबर चालतं. तेल सांडलं की लगेच माती टाकायची, झाडून काढायची. आणि भेग दिसली की पावसाच्या आधी भरायची. भेगेत हराळी उगवली की समजा उशीर झाला."

मग काकूंना वडकीच्या लेकीची आठवण झाली. दिवे घाटाच्या पायथ्याला घर. माऊलींची पालखी हडपसरला तुकोबांच्या पालखीचा निरोप घेते आणि वडकीवरून घाट चढते, तो रस्ता. आषाढीच्या आधी तिथं घाईघाईनं डांबर पडतं. जावई म्हणतात, आमच्या रस्त्याची काळजी वारकऱ्यांनाच. पण घराचं दुखणं वेगळं. डोंगर उतरून आलेलं पाणी मागच्या बाजूनं अंगणात शिरायचं. दोनदा डांबर केलं, दोनदा उखडलं. कारण पाणी वरून नव्हे, थराच्या खालून वाहत होतं. शेवटी एका जाणत्या गवंड्यानं डांबराला हातच लावला नाही. आधी घराच्या मागे, चढाच्या बाजूला आडवा चर काढला, दगडानं बांधला, आणि पाणी बाजूनं फिरवून मोरीतून ओढ्याला सोडलं. त्यानंतर केलेलं अंगण अजून शाबूत आहे. आता चरात पडलेला पाला मेमध्ये काढायचा, एवढंच काम. तेही जावई विसरतात, पण ते काकू लेकीच्या सासरबद्दल भिंतीवरून बोलत नाहीत. फक्त सुस्कारा टाकतात.

"आपल्याकडे कुठला डोंगर," मी म्हटलं.

"डोंगर नाही, शेजारी आहेत," अण्णा म्हणाले. "वैनी, बंगल्याचा ढाळ कुठं काढलाय?"

काकू गप्प झाल्या. असं फार क्वचित होतं.

"शंभराला दोन तरी हवा. वीस फुटांच्या अंगणाला पाच इंच. आणि तो रस्त्याच्या गटाराकडं. आजवर त्यांच्या फरशीच्या सांध्यांतून पाणी मुरत होतं. आता सगळं वाहणार. गेटाकडं उंचवटा ठेवला असेल तर येणार कुठं? तुमच्या मागच्या भिंतीला."

"माझ्या न्हाणीघराच्या भिंतीला!"

"एक बादली ओतून बघा, कळेल लगेच."

दुसऱ्याच्या अंगणात बादली ओतायला काय निमित्त काढावं यावर आमची जी चर्चा झाली ती इथं देत नाही. तेवढ्यात फटफटीचा आवाज आला. सुपरवायझर. कपाळावर गॉगल, हातात मोजपट्टी.

"काय काकू, ठरलं का? गाडी उभी आहे."

"ठरलं. काळी माती काढून मुरूम किती टाकणार? दबाई कशानं? ढाळ रस्त्याकडं धरणार ना? आणि बिलावर हमी किती वर्षांची?"

त्यानं काकूंकडं पाहिलं, मग अण्णांकडं, आणि गॉगल डोळ्यांवर ओढला. "अहो काकू, उरलेल्या मालाचं बिल कुठलं? हे सगळं करायचं तर रेट डबल."

"मग तो रेट कागदावर लिहून आण, सहीनिशी. गरम मालाचा. दिवाळीनंतर बघू."

फटफटी पुढच्या गल्लीत वळली. काकूंनी ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं आणि मग भिंतीवरून माझ्याकडं झुकल्या.

"बरं, ते जाऊ दे. बंगलेवाल्यांनी त्याला किती मोजले, ते कळलं का गं तुला?"