मचाणावरचे साहेब, जिप्सीतले साहेब

वाघाची शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्यानं बंद झाली, असं आपण मानतो. ते अर्धंच खरं आहे. बंद झाली ती बंदूक. शिकारीचा थाट आणि त्यातली कामाची वाटणी अजून शाबूत आहे. दिल्ली दरबार आटोपून 1911 च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज नेपाळच्या तराईत शिकारीला गेले. दहा दिवसांत त्यांच्या लवाजम्यानं 39 वाघ आणि 18 गेंडे लोळवले. यात नेमबाजी थोडी, बंदोबस्त फार. आदल्या रात्री रेडकं बांधून ठेवायची, वाघ एखादं मारून झाडीत सुस्तावला की हत्तींचं कडं त्याच्याभोवती आवळत न्यायचं आणि मग पाहुण्यांनी हौद्यातून बार काढायचा. वाघ हुडकणारे, रान उठवणारे आणि वेळ आली तर त्याचा पंजा झेलणारे सगळे गावचे. फोटोत नाव साहेबांचं. व्हाइसरॉयच्या वाघाची लांबी भरावी म्हणून अकरा इंचांचा फूट असलेली टेप वापरतात, अशी वदंताही त्या काळी होती. खरंखोटं देव जाणे, पण पाहुणा नाराज होऊन परत जाऊ नये ही काळजी तेव्हापासूनची आहे.

आता आजच्या ताडोबात या. तिथं शिकारबंदी 1935 ची आणि राष्ट्रीय उद्यान 1955 चं, म्हणजे जंगल चांगलं मुरलेलं आहे. मे महिन्यात चंद्रपूर भट्टीसारखं तापलं की पाणवठे आटतात, उरलेल्या पाण्यावर वाघ हमखास येतो आणि म्हणूनच आपल्याला सुट्टी नेमकी तेव्हाच मिळते. रेडकू बांधायची गरज नाही. तहानेनंच ते काम केलेलं असतं. चितळ ओरडलं, वानरानं खाकरा काढला की ‘कॉलिंग आहे’ म्हणत गाइड हात वर करतो, चालक गिअर टाकतो आणि धुरळ्यातून चार दिशांच्या जिप्सी एकाच वळणावर येऊन थडकतात. मागच्या बाकावरून फर्मान सुटतं: ‘भैया, थोडं पुढे घ्या ना!’ वाटेत अर्जुनाच्या खोडावर अस्वलाच्या नखांचे ताजे ओरखडे असतात, तुरेवाला सर्पगरुड फांदीवर बसून वैतागलेला असतो. त्यांच्यासाठी गाडी थांबवायला कोणी सांगत नाही. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात 2024 च्या शेवटच्या दिवशी एक वाघीण आणि तिचे पाच बछडे असेच दोन्ही बाजूंच्या गाड्यांत अडकले. तराईत कडं हत्तींचं होतं, इथं चाकांचं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाइड निलंबित झाले, त्यांना दंडही बसला. बाकावर बसलेल्यांकडे व्हिडिओ राहिला.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: अहो, पण वाघ मरत नाही ना? नाही मरत, आणि हा फरक फार मोठा आहे. ज्याला तो दिसत नाही त्यानं पंचम जॉर्जांचा हिशोब पुन्हा वाचावा. पण पिलं मागं घेऊन रस्ता ओलांडू पाहणाऱ्या वाघिणीला हा दिलासा कळवायची सोय वनखात्याकडे नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पर्यटनामुळे ताडोबाच्या वेशीवरच्या मोहर्ली, कोलारा या गावांतल्या पोरांना काम मिळालं, घरात पैसा आला, जंगल टिकण्यात त्यांचा स्वार्थ तयार झाला. हे सोळा आणे खरं. म्हणूनच प्रश्न असा की ज्याचं पोट या जंगलावर आहे तो नियम मोडतो कशाला? हौस म्हणून तर नाही. वाघ दिसला तर बक्षीस आणि नाही दिसला तर ‘गाइड बेकार होता’ हा शेरा, अशी त्याच्या दिवसाची किंमत जिप्सीतले सहाजण ठरवतात. गाडी पुढे घ्यायचा हुकूम त्यांचा आणि जबाबदारी मात्र स्टिअरिंगवरच्या माणसाची. हाकारा करणाऱ्यानं वाघाच्या तोंडी जावं आणि कातडं दिवाणखान्यात साहेबांच्या लागावं, तसलाच हा सौदा.

तेव्हा शिस्तीचे आणखी दहा फलक लावण्यापेक्षा दोनच नियम करून पाहावेत. गाडी आडवी घातली तर दंड जिप्सीतल्या सगळ्या आसनांवर सारखा विभागावा, आणि बक्षीस द्यायचंच असेल तर ते सकाळी गेटवर, जंगलात शिरण्यापूर्वी द्यावं. पहिल्या नियमावर रिसॉर्टवाले आठवडाभर चडफडतील आणि मग बुकिंगच्या रकमेत ‘घेराव विमा’ जोडून मोकळे होतील. दुसऱ्यावर मात्र खरी बोंब उठेल. वाघ दिसण्याआधीच पैसे? मग दिसला नाही तर परत कोण देणार, आणि त्याची पावती जीएसटीसह मिळेल का, असं विचारायला पहाटे साडेपाचला गेटवर जी रांग लागेल, तिच्यापुढे तिकीट खिडकीची रांग काहीच नाही.