दोनशे डॉलरचं तिकीट

"माई, कधी आलात लेकाकडून? काल ओटीवर दिवा दिसला तेव्हा कळलं."

"परवा रात्री आले गं. ये अशी गडग्याजवळ, एक गंमत सांगते. पण गावभर करू नकोस हं. लेकाचा पेनसिल्व्हेनियातला शेजारी आहे ना, सत्तरी उलटलेला, त्याच्या तळघरात ही एवढी लोखंडी तिजोरी. आत काय असेल? बंदुका! त्याही दुसऱ्या महायुद्धातल्या. घोडा दाबून धरला की मॅगझिन रिकामं होईपर्यंत सुटतच राहायच्या."

"अगंबाई! आणि पोलीस?"

"पोलीस कशाला येतात! सगळं कायद्यात बसवलेलं. मला फाइल उघडून दाखवली. बंदुकीचा नंबर, म्हाताऱ्याचा फोटो, बोटांचे ठसे आणि 200 डॉलर कर भरल्याचं तिकीट. हा कर 1934 चा, गुंडटोळ्यांना चाप लावायला बसवलेला. तेव्हा थॉमसन बंदूकच साधारण तेवढ्याला मिळायची. म्हणजे जेवढ्याचा माल तेवढाच कर! आणि अजूनही तो 200 च आहे."

"मग आता स्वस्तातच पडत असेल की."

"कसलं स्वस्त! 1986 च्या मे महिन्यात सरकारने नोंदवहीच मिटली. तोवर ज्या नोंदल्या गेल्या तेवढ्याच खासगी माणसाला विकायच्या-घ्यायच्या, नवी एकही भर पडायची नाही. बंदुका तेवढ्याच आणि हौशी मात्र वाढतायत. लढाई संपता संपता अमेरिकी फौजेला थॉमसन 45 डॉलरला पडायची. आज तीच पंचवीस-तीस हजारांना."

"माई! तेवढ्यात इथे घर होईल."

"मग! त्याच्याकडे ती इंग्रजांची स्टेनपण आहे. फ्रान्समधल्या डंकर्कला त्यांचं सैन्य बरीचशी शस्त्रं टाकून माघारी आलं, मग 1941 साली घाईघाईत ही काढली. मी अगदी जवळून बघितली. नळवाल्याने उरलेल्या पाइपांतून जुळवून दिल्यासारखी! वेल्डिंगचे गोळे तसेच, मॅगझिन डाव्या अंगाला आडवं. हातातून पडली तर आपोआप सुटायची म्हणे. दहाएक डॉलरात व्हायची, तिलाही आज हजारांत मोजतात."

"आणि कोणाच्या आजोबांनी लढाईवरून आणलेली माळ्यावर सापडली तर?"

"नोंद नसेल तर सरकारजमा. 1968 च्या नोव्हेंबरात महिनाभर मुभा दिली होती, आणा आणि फुकट नोंदवा. ज्यांनी आळस केला त्यांच्या नातवंडांना आता नुसता घोर. आपल्याकडे तर नावच काढू नकोस. 1959 च्या आर्म्स ॲक्टात असली बंदूक म्हणजे बंदीच. हौस म्हणून ठेवलीस तर थेट आत."

"मग त्याने तुम्हाला चालवून नाही दाखवली?"

"नको म्हटलं. पण ती थॉमसन, म्हणजे टॉमीगन, पुढे करून माहिती सांगायला लागला, तेव्हा म्हटलं, थांब, हिचं मी सांगते. आमच्या माणगावात यशवंत घाडग्यांचा पुतळा आहे. मराठा पलटणीतले नाईक, इटलीत 10 जुलै 1944 ला बरोबरची माणसं पडली तरी एकटे मशीनगनवर धावून गेले. आधी ग्रेनेड टाकला, मग टॉमीगनने एकाला पाडलं. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, तर नळी धरून उरलेल्या दोघांना बंदुकीनेच हाणलं. नंतर लपलेल्या शत्रूच्या गोळीने गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मरणोत्तर. म्हाताऱ्याने वही काढली, म्हणे गावाचं नाव लिहून द्या."

"आणि त्याची बायको? तिला चालतं हे सगळं?"

"ती कुठली सोडते! मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच सांगितलं, मुलाला यात काडीचा रस नाही. वारशाने मिळाली तर त्याला कर नाही लागत, पण घ्यायला तयार पाहिजे ना! तिने हिशेब करून ठेवलाय. थॉमसन गेली की ओटा नवा, स्टेन गेली की फरशी."

"नशीबवान बाई. आमच्या ह्यांनी माळ्यावर अकरा जुने रेडिओ जमवलेत, भंगारवालासुद्धा तोंड वाकडं करतो."

"त्यांना म्हणावं धीर धरा. सरकारने रेडिओवर बंदी आणली की येईल भाव."