नानांची चौकट

बालगंधर्व कलादालनात फोटोंचं प्रदर्शन लागलं की नाना पहिल्याच दिवशी, दार उघडायच्या आधी हजर. अभिप्रायवहीचं पहिलं पान त्यांचं, हे ठरलेलं. स्वतः मात्र त्यांनी जन्मात कॅमेरा हातात धरलेला नाही. "धरला की पक्षपात होतो," असं त्यांचं म्हणणं.

रहदारीचे फोटो हा त्यांचा खास प्रांत. ते आधी चष्मा कपाळावर चढवतात, मग हवेत बोटाने दोन उभ्या, दोन आडव्या रेघा ओढतात. नऊ घरं, चार छेद. मुख्य ऐवज छेदावर बसलाच पाहिजे. म्हैस रस्त्याच्या मधोमध उभी असेल, तर चूक म्हशीची.

मुंबईतला फोटो असेल, तर ते मुंबईकरालाच समजावतात, "टेलिफोटो लेन्स आहे. अंतर आक्रसतं, म्हणून बसवर बस चढलेली वाटते. एवढी गर्दी नसते हो तिथे!" रघू राय यांचा चर्चगेट स्टेशनचा १९९५ सालचा फोटो त्यांना मान्य आहे. शटर सावकाश मिटल्याने धावती गर्दी धुरासारखी पुसट झालेली आणि पेपर वाचत थांबलेली माणसं तेवढी स्पष्ट. तक्रार एकच, "पेपर कुठला, ते कळत नाही."

यंदा एका पोराने लक्ष्मी रस्त्याचा फोटो लावला होता. नाना सुरू झाले. "वरचं होर्डिंग उडव. ही रिक्षा अर्धीच आलीय. पुरती घे, नाहीतर काढ. डावी बाजू बसने जड झालीय, काप." पोरगं मुकाट्याने मान हलवत होतं. "आणि हा स्कूटरवाला कोण? रस्ता एकेरी, सगळ्या रेषा एकीकडे चालल्यात आणि हा शहाणा उलटा घुसलाय. नजर नेमकी तिथे ठेचकाळते. असल्या माणसाला फोटोतूनच काय, पुण्यातूनच क्रॉप केलं पाहिजे!"

पोरगं चाचरत म्हणालं, "नाना, ते तुम्हीच आहात."

नानांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. बराच वेळ निरखलं. मग पुन्हा एकदा हवेत रेघा ओढल्या.

"खालच्या उजव्या छेदावर आलोय, बरोब्बर," ते म्हणाले. "राहू दे. सगळेच नियमाने गेले, तर फोटो सपाट होतो."