घरबसल्या इटली

काही लोकांना इटली पाहायची असते. मला इटलीत राहायचं आहे, आणि तेही डोंबिवली न सोडता.

पाहणारा माणूस कलोसियमपुढे फोटो काढतो, पिसाच्या मनोऱ्याला हातानं टेकू देतो आणि सहल संपली की चॉकलेटं घेऊन परततो. मला त्यातलं काही नको. मला तूरीनमधल्या एखाद्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड हवं आहे. जिन्यातल्या ओलीबद्दल रहिवाशांच्या सभेत हातवारे करत तावातावानं बोलायचं आहे. सकाळी कोपऱ्यावरच्या बारमध्ये काउंटरला टेकून कॉफी प्यायची आहे. उभ्यानंच. कारण टेबलाशी बसलं की बऱ्याच ठिकाणी त्याच कॉफीचे जास्त पैसे पडतात, आणि रोजचं गिऱ्हाईक खुर्चीचं भाडं भरत नाही.

"अगं, एवढं वाटतंय तर एकदा जाऊन ये ना," सासूबाई म्हणतात. पण गेलं की पाहणंच होतं. राहायचं तर वेगळी सोय करावी लागते.

या दुखण्याचं कूळ मोठं आहे. शाकुंतलावर लट्टू झालेला म्हणून आपण ज्याला ओळखतो तो जर्मन कवी गटे याच दुखण्यानं पछाडलेला होता. त्याचे वडील 1740 साली इटली फिरून आले होते. त्यांनी त्या प्रवासावर इटालियन भाषेत पुस्तक लिहिलं आणि फ्रांकफुर्टच्या घरात रोमची चित्रं टांगली. ती चित्रं बघत पोरगा वाढला, मोठा झाला, वायमारच्या दरबारात मंत्री झाला, आणि 3 सप्टेंबर 1786 रोजी पहाटे तीन वाजता कुणाला न सांगता कार्ल्सबादहून सटकला. रोममध्ये तो चित्रकार म्हणून खोट्या नावानं राहिला. भिंतीवरच्या चित्रांवर त्याचं भागलं नाही. माझ्याकडे दरबारही नाही आणि पहाटे तीनची घोडागाडीही नाही, त्यामुळे मला भागवणं भाग आहे.

पूर्वी यावर पुस्तकांचाच उतारा होता. आता एआय आलं. मी त्याला विचारलं, "समज, मी तूरीनमध्ये राहते. आज मंगळवार आहे. माझा दिवस कसा जाईल?"

"किती सुंदर कल्पना!" असं म्हणून त्यानं माझा दिवस लिहून दिला. सकाळी चर्चच्या घंटा. बाजारात लालबुंद टोमॅटो. शेजारच्या आजी सॉस चाखायला बोलावतात. संध्याकाळी सोनेरी उन्हात फेरफटका. बुधवार मागितला, तर त्यातही आजी आल्या आणि सॉसही आला. यंत्राच्या इटलीत बारा महिने सप्टेंबर असतो. तिथे आजींचे गुडघे दुखत नाहीत, लिफ्ट बंद पडत नाही, कुणाचा भाऊ कुणाशी अबोला धरत नाही. जेवण झाल्यावर पावाच्या तुकड्यानं ताटलीतला सॉस पुसून खायचा, हाच जगण्यातला खरा इटालियन आनंद, असंही त्यानं मला बजावून सांगितलं.

त्याच सुमारास मी इटालियन लेखिका नातालिया गिन्झबर्गचं 'लेस्सिको फामिल्यारे' वाचत होते, अर्थात इंग्रजीतून. 1963 सालचं, घरच्या माणसांच्या खऱ्या नावांनिशी लिहिलेलं हे पुस्तक तूरीनच्याच एका घरात घडतं, आणि सुरुवातीलाच जेवणाच्या टेबलावर वडील गरजतात. कशावरून? पोरं सॉसमध्ये पाव बुडवतात म्हणून! वडील म्हणजे जुझेप्पे लेव्ही, शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक, ज्यांचे तीन विद्यार्थी पुढे नोबेलपर्यंत पोचले. एवढा मोठा माणूस पावाच्या तुकड्यावरून घर डोक्यावर घेतोय हे वाचलं आणि मला एकदम आपल्या बिऱ्हाडात पोचल्यासारखं झालं. आजींच्या सॉसनं जे साधलं नव्हतं ते त्या एका ओरड्यानं साधलं.

स्वयंपाकाचंही तेच. मिनेस्त्रोने, म्हणजे भाज्यांचं दाट सूप, कसं करायचं हे एआयनं नीट सांगितलं: साहित्य, कृती, वर पौष्टिकतेची हमी. मग मी पेल्लेग्रीनो आर्तूझी काढला. हा कापडाच्या व्यापारातून निवृत्त झालेला गृहस्थ. 1891 साली, सत्तरी ओलांडल्यावर, पाककृतींचं पुस्तक त्यानं पदरमोड करून छापलं. त्याच्या मूळ गावात, फोर्लिंपोपोलीत, ज्यांना त्याच्या दोन प्रती बक्षीस मिळाल्या त्यांनी त्या तंबाखूवाल्याला विकून टाकल्या, हेही तो स्वतःच सांगतो. त्याच्या मिनेस्त्रोनेची सुरुवात भाज्यांनी होत नाही, कॉलऱ्यानं होते. 1855 साली लिव्होर्नोमध्ये त्यानं खाणावळीत मिनेस्त्रोने खाल्लं, रात्रभर पोट धरून बसला आणि सगळा दोष सुपाला दिला. दुसऱ्या दिवशी तो फ्लोरेन्सला पोचला, आणि मग कळलं, की लिव्होर्नोत कॉलऱ्याची साथ आली आहे आणि ज्याच्या घरी तो उतरला होता तो घरमालकच दगावला आहे. एवढं झाल्यावर तो शांतपणे कृतीकडे वळतो. हा माणूस काय शिजवतोय ते शिजवून बघावंसं वाटणारच.

म्हणून मी एआयला म्हटलं, "आता गोड बोलणं पुरे. तू माझी खालच्या मजल्यावरची शेजारीण हो आणि माझ्या कुंड्यांचं पाणी तुझ्या चादरींवर गळतंय म्हणून भांड." त्यानं प्रयत्न केला. दोन वाक्यं चांगली कडक उतरली. तिसऱ्यात कुंड्यांचं कौतुक झालं, आणि शेवटी, "हे अर्थात गमतीनं हं! आणखी काही मदत करू का?" भांडण अर्ध्यात टाकून मदतीला धावणाऱ्या शेजारणीशी कुणाचं जमणार?

एका ठिकाणी मात्र त्यानं मान मिळवला. तिथल्या सरकारी अर्जांची चौकशी केली, तेव्हा त्यानं उत्साहाच्या भरात सांगून टाकलं, की बऱ्याच अर्जांना 16 युरोचं मुद्रांक तिकीट चिकटवावं लागतं आणि ते तंबाखूच्या दुकानात मिळतं. आपल्या स्टँप पेपरची ही सख्खी बहीणच! आर्तूझीचं पुस्तक जिथे जाऊन पडलं होतं तसल्याच दुकानात मी आता मनातल्या मनात रांगेत उभी राहते.

उलट्या बाजूनं, म्हणजे इटलीत बसून पूर्वेत राहण्याचा, हा खेळ एमिलिओ सालगारी खेळला. 1862 साली व्हेरोनात जन्मलेला हा लेखक स्वतःला कॅप्टन म्हणवायचा, पण एड्रियाटिक समुद्राच्या पलीकडे कधी गेला नाही. वाचनालयात नकाशे, ज्ञानकोश आणि प्रवासवर्णनं उपसून त्यानं मलायाचे चाचे आणि सुंदरबनातले ठग रंगवले. त्याच्या पूर्वेत वाघ आहेत, विषारी साप आहेत, पण नळाला पाणी आलं नाही म्हणून कुणी कुरकुरत नाही. इटालियन वाचकांनी हे पिढ्यान्‌पिढ्या वाचलं, आणि 1976 साली त्यातला चाचा सांडोकान टीव्हीवर आला तेव्हा नायक म्हणून आपला कबीर बेदी दिसल्यावर सगळा देश त्याच्यामागे वेडा झाला.

लांबून ओढ लागली, की माणूस वाघ तरी रचतो नाहीतर आजी तरी. सालगारीनं वाघ रचले, एआय आजी रचतं, आणि त्याला आजी मागणारी मीच असते. ओढ त्यावर फुगते, पण तिचं पोट भरत नाही. पोट भरतं ते पावावरून झालेल्या ओरड्यानं. आणि हे ओरडे कुणीतरी तिथे खरोखर ऐकून, सोसून, वर त्यावर प्रेम करून लिहून ठेवलेले लागतात.

"पण समज, गेलीसच खरोखर, तर?" सासूबाईंनी परवा विचारलं. जाईन की. काउंटरला टेकून कॉफी मागेन, आणि कुणीतरी माझ्यावर खेकसेल याची वाट बघेन. कुणी खेकसलंच नाही, सगळेच गोड बोलले, तर ट्रॅव्हल कंपनीकडे पैसे परत मागेन.