आत्ता कुणी घेतं का?

तुमच्याही सोसायटीत एक असतोच. तुम्ही नवा मिक्सर घेऊन लिफ्टमध्ये शिरता. तो खोक्याकडे बघतो, मग तुमच्याकडे, आणि मयताला आल्यासारखा हळहळतो, "आत्ता कुणी घेतं का?"

आमच्याकडे हे खातं नानांकडे आहे. साडेतीन मुहूर्तांना सगळं गाव खरेदीला निघतं, म्हणून त्या दिवशी नाना पाकीट घरी ठेवून फिरायला जातात. त्यांचा खरा सण पितृपंधरवडा. दुकानदार माश्या मारत बसलेला असतो, हवा तेवढा भाव पाडून घ्यावा. "लोकांचे पितर आपल्याला पावतात," असं त्यांचं मत. कपडे आषाढात, एसी थंडीत, गाडी डिसेंबरात. कारण एक जानेवारीला शोरूममधली कोरी गाडीसुद्धा कागदावर वर्षाने म्हातारी होते. छत्री ऑक्टोबरात. ती कुठे ठेवली हे जूनपर्यंत विसरायला होतं आणि पहिल्या पावसात नाना भिजत घरी येतात. दुसरी घ्या म्हटलं, तर नाक पुसत विचारतात, "जूनमध्ये छत्री? आत्ता कुणी घेतं का?"

हापूसच्या पहिल्या पेट्यांचा भाव ते निव्वळ करमणूक म्हणून विचारतात. अक्षय्य तृतीयेलाही हलत नाहीत. मे सरता सरता आंबा उतरतो, तेव्हा पिशवी बाहेर निघते. 2025 साली मोसमी पाऊसच 26 मेला मुंबईत येऊन थडकला. नानांच्या वाट्याला डागाळलेली फळं आली. अर्धाअधिक आंबा कापून टाकत ते म्हणाले, "पण भाव काय लागला, ते विचारा ना!"

सोन्याची कथा करुण आहे. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात आयात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 वर आलं आणि सोनं घसरलं. नानांनी मजल्यावर पेढे वाटले. आता मुलीच्या बांगड्या होणार, असं त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, वाटलं. "आत्ता कुणी घेतं का? अजून उतरेल!" पुढच्या वर्षी दहा ग्रॅमचा भाव लाखापार गेला. तेव्हापासून त्या घरात पेढ्यांचा विषय कुणी काढत नाही.

आणि 2025 चा सप्टेंबर! जीएसटी कमी होणार, असं पंधरा ऑगस्टला लाल किल्ल्यावरून कळलं आणि अख्खा देश नानांच्या पंथाला लागला. एसी आणि मोठे टीव्ही 28 टक्क्यांवरून 18 वर यायचे होते, त्यात पितृपंधरवडा, दुकानं ओस. 22 सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेला, नवे दर लागू झाले आणि गिऱ्हाईक तुटून पडलं. नाना तेवढे घरी. त्यांना हवा होता फ्रिज, आणि फ्रिजवर आधीपासूनच 18 टक्के होता. त्यांच्या फ्रिजचं दार परकराच्या नाडीने बांधलेलं असतं. दूध काढायचं म्हणजे आधी गाठ सोडायची.

एवढं सगळं खरं, तरी आमच्या मजल्यावर तूरडाळ, गहू आणि ब्याडगी मिरची नानांच्या शब्दावरच भरली जाते. वॉचमनच्या मुलीच्या वह्या एप्रिलमध्येच घाऊक दुकानातून येतात. उन्हाळी कांदा स्वस्त असतो तेव्हा नानांच्या पलंगाखाली पसरला जातो, आणि दिवाळीच्या तोंडावर बाजार चढला की शेजारपाजारी तिथूनच कांदे नेतात. नाना पैसे घेतात ते मे महिन्याच्या भावाने. वर चार दटावण्या फुकट.

परवा काकू म्हणाल्या, "यांनी जन्मात एकच गोष्ट ऐन हंगामात केली. आमचं लग्न. मे महिना, कार्यालय दुप्पट दराने, आणि हे घासाघीसही करेनात!"

मी नानांना विचारलं, "तेव्हा नाही थांबलात?"

नाना चष्मा पुसू लागले. "तिला आणखी दोन ठिकाणांहून मागणी आली होती. थांबून कसं चालेल?"

आतून काकूंचा आवाज आला, "मग त्या फ्रिजलाही कुठून तरी मागणी आलीय असं समजा!"