ट्रान्झिटकाका

मुंबईच्या टर्मिनल दोनवर मध्यरात्रीनंतरच्या विमानांची गर्दी जमू लागली की ट्रान्झिटकाका ओळखायला फार वेळ लागत नाही. विमान पहाटे दोनचं असलं तरी ते आदल्या संध्याकाळी आठला हजर असतात, कारण पुण्याहून येताना घाट तुंबला असता तर? घाट तुंबलेला नसतो. पायांत पांढरेशुभ्र नवे बूट; काकूंच्याही पायांत तसेच, साडीखाली. गळ्यात पासपोर्टचा बटवा, तो शर्टाच्या आत, आणि दर दहा मिनिटांनी छातीवर हात ठेवून त्याची चाचपणी. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, यांना छातीत दुखतंय. हातात पारदर्शक फोल्डर. त्यात तिकिटाच्या चार प्रती: एक काकांची, एक काकूंची, एक दाखवायला आणि एक ‘असू दे’. सगळ्यात वर असतं ते सिनसिनाटीच्या चिरंजिवांनी सोळाच्या टायपात छापून पाठवलेलं पाचपानी सूचनापत्र. त्याचं पहिलंच कलम ‘घाबरायचं नाही’ असं असल्यामुळे यात घाबरण्यासारखं काहीतरी आहे हे काकांना पहिल्यांदा तिथंच कळलेलं असतं.

मुंबई-फ्रँकफर्ट-शिकागो-सिनसिनाटी या प्रवासात काका जे जे करतात ते चेष्टेचा विषय होतं. चिरंजीव मित्रांत सांगतात, सूनबाई माहेरी सांगतात. सगळ्यांचं मत एकच, की बाबा बिचारे साधे, त्यांना सवय नाही. हे मत मला मान्य नाही. काकांना सवय नाही असं नसून भलत्याच गोष्टीची पक्की सवय आहे. गाडी बदलणं त्यांना नवं नाही. ज्यांच्या बालपणी पंढरपूरला जायचं म्हणजे कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरून बार्शी लाइटच्या अडीच फुटी रुळांवरच्या डब्यात शिरणं होतं, ज्यांनी दौंडला आणि मनमाडला रात्री-अपरात्री फलाट बदलले, त्यांना ‘कनेक्शन’ ही काय चीज आहे हे कुणी शिकवायला नको. १८९७ साली सुरू झालेल्या त्या छोट्या गाडीनं तीन पिढ्यांना दोन नियम शिकवले. सामान नजरेआड करायचं नाही, आणि विचारल्याशिवाय पाऊल पुढं टाकायचं नाही. या दोन नियमांवर काका आयुष्यभर सुखरूप पोचत आले. विमानतळाची सगळी रचना नेमकी हेच दोन नियम मोडण्यावर उभी आहे, एवढीच त्यांची अडचण.

सामानाचंच बघा. तेवीस-तेवीस किलोच्या बॅगा घरी काट्यावर चार वेळा लटकवून, शेवटी भाजणीचं एक पाकीट धाकट्या बॅगेतून थोरल्या बॅगेत हलवून, प्रत्येक मुठीला काकूंच्या जुन्या लाल ब्लाउजपीसची चिंधी बांधून सिद्ध झालेल्या असतात. काउंटरवरची मुलगी त्यांवर कागदी पट्टी चिकटवते आणि पट्ट्यावरून त्या कायमच्या निघून जातात. ‘आता थेट सिनसिनाटीला मिळतील,’ असं ती म्हणते. काका पट्टी वाचतात. तिथं सिनसिनाटी लिहिलेलं नसतं. ‘सीव्हीजी’ लिहिलेलं असतं. त्यांच्या जागी कोणीही विचारी माणूस असता तर त्यानं हरकत घेतलीच असती. आता सीव्हीजीचा खुलासा असा की सिनसिनाटीचा विमानतळ सिनसिनाटीत नाही, ओहायोतही नाही. तो नदीपलीकडे केंटकी राज्यात आहे आणि ही अक्षरं तिथल्या कोव्हिंग्टन गावावरून पडली. शिकागोची अक्षरं ‘ओआरडी’, कारण ओहेअर विमानतळाचं आधीचं नाव ऑर्चर्ड फील्ड. ते १९४९ साली बदललं, पण अक्षरं बदलायला कुणाला सवड झाली नाही. आपल्याकडेही शहर मुंबई झालं तरी पट्टीवर अजून बीओएमच आहे. म्हणजे ही पट्टी ज्याला आधीपासून कळते त्यालाच कळते. कुर्डुवाडीच्या फलाटावरच्या पाटीवर निदान कुर्डुवाडी असं लिहिलेलं असायचं.

फ्रँकफर्टला उतरल्यावर सूचनापत्र म्हणतं, ‘बॅगा घ्यायच्या नाहीत’, खाली एक रेघ. पण विमानातून उतरलेल्यांपैकी ज्यांचं घर तिथंच ते सगळे बॅगा घ्यायलाच निघालेले असतात, आणि बॅगेचं चित्र असलेली मोठी पाटी दर पन्नास पावलांवर वर लटकत असते. काका थबकतात. शिकागोच्या पानावर लिहिलेलं असतं, ‘इथं बॅगा घ्यायच्याच’, खाली दोन रेघा. कारण अमेरिकेत बाहेरून येणाऱ्यानं पहिल्या ज्या विमानतळावर पाऊल ठेवलं तिथंच इमिग्रेशन, तिथंच कस्टम्स. बॅग तिथं स्वतः उचलायची, अधिकाऱ्यासमोरून न्यायची आणि पन्नास पावलांवर पुन्हा एका पट्ट्यावर टाकायची. मग मुंबईची ती मुलगी खोटं बोलली का? खोटं नाही, अर्धवट बोलली. एकाच पट्टीच्या एकाच बॅगेला एका देशात हात लावायचा नाही आणि दुसऱ्या देशात लावलाच पाहिजे, हे ऐकून ज्याला काहीच विचित्र वाटत नाही त्याला मी अनुभवी म्हणेन. हुशार म्हणायला मन धजत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की एवढ्या पाट्या लावलेल्या असतात, त्या वाचाव्यात ना! काका पाट्या वाचतात. सगळ्या वाचतात, हीच पंचाईत आहे. पाटी फक्त त्याला उत्तर देते ज्याला आपला प्रश्न काय हे ठाऊक आहे. फ्रँकफर्टच्या पहिल्या टर्मिनलला गेटांची अक्षरं ए, बी, सी अशी सरळ चालत येतात आणि एकदम झेड होतात. हे झेड ए-च्याच वरच्या मजल्यावर आहे. शेंगेन देशांतली विमानं ए-ला खाली, बाहेरच्या देशांची झेडला वर, असा हिशेब. तो माहीत नसलेल्या माणसाला वाटणार की सी-पासून झेडपर्यंतची सगळी अक्षरं पायी तुडवायची आहेत. काका काकूंना म्हणतात, ‘चल गं, बराच पल्ला आहे.’ शिवाय वेळेचा घोळ. द्वारकेपासून दिब्रुगडपर्यंत एकच वेळ पाळणाऱ्या देशातून आलेल्या माणसाला तिकीट सांगतं की विमान उशिरा सकाळी निघून दुपारीच शिकागोला पोचेल. काका बोटं मोजतात, अडीच-तीन तास होतात. मग दोन जेवणं कशासाठी देणार? मनगटावरचं घड्याळ ते भारतीय वेळेवरच ठेवतात, कारण एक तरी वेळ खरी असायला हवी.

आणि वाचून भागलं नाही म्हणजे काका विचारतात. सफाई कामगाराला, अत्तराच्या दुकानातल्या बाईंना, स्वतःच वाट चुकलेल्या नायजेरियन विद्यार्थ्याला, आणि चेहऱ्यावरून भारतीय वाटणाऱ्या प्रत्येकाला, ‘आप भी शिकागो?’ असं. एकाचं उत्तर मिळालं की ताळा पाहण्यासाठी दुसऱ्याला. सूनबाईंना याचीच सगळ्यांत लाज वाटते. पण निकाल बघा. गेट मुंबईच्या बोर्डिंग पासवर एक छापलेलं असतं आणि प्रत्यक्षात बदलून दुसरंच झालेलं असतं, हे रोजचं आहे. दुबईसारख्या विमानतळांनी तर एकेका विमानाच्या घोषणा जवळपास बंदच केल्या आहेत. शांतता हवी म्हणून. कानांत बोळे घालून, जुन्याच गेटसमोर, मोबाइलमध्ये मान घालून बसलेला तिशीतला अनुभवी प्रवासी तिथंच राहतो. काकांना बदललेलं गेट बातमी फुटायच्या आत कळलेलं असतं, कारण त्यांनी गेल्या तासात पाच जणांना तेच विचारलेलं असतं. फ्रँकफर्टला विमान बदलायला किमान पंचेचाळीस मिनिटं पुरतात असं वेळापत्रकवाले धरून चालतात. काकांना तीन तास मिळाले तर त्यातले अडीच ते गेटसमोर उभे राहून काढतात. बसले तर जागा जाईल अशी भीती, जागा छापील असूनही.

खाण्याबद्दल थोडक्यात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मुंबईतच बाहेर निघतात. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणून चेक-इन सामानात त्याला २०२२ पासून मनाई आहे, आणि हे काकूंना कुणीही पटवून देऊ शकलेलं नाही. ‘अहो, पेटतं म्हणे! आमटीत कधी पेटलं नाही ते.’ दुबईमार्गे जाणाऱ्यांच्या अनारशांवरची खसखस हा त्याहून नाजूक विषय. तिथल्या कायद्यानं खसखस अमली पदार्थांच्या पंक्तीला बसते. पाण्याची बाटली फ्रँकफर्टच्या तपासणीत जाते. २००६ साली लंडनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आल्यापासून आलेला शंभर मिलीचा नियम अजून बऱ्याच ठिकाणी ठाण मांडून आहे. काका तिथंच उभे राहून अख्खी बाटली घटाघटा पितात. फुकट घालवणार नाहीत.

आता व्हीलचेअर. ट्रान्झिटकाकांच्या बचावात इथं मात्र अडखळायला होतं. रोज पहाटे पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या चढणारा माणूस विमानतळावर खुर्चीत बसून ढकलला जातो आणि दाराशी आल्यावर टुणकन उठून केबिन बॅग स्वतः वर ठेवतो, हे दृश्य अनेकांनी पाहिलं आहे आणि त्यावरचे विनोद जुने झाले आहेत. अमेरिकेच्या १९८६ च्या कायद्यानुसार आणि युरोपच्या २००६ च्या नियमानुसार ही मदत फुकट द्यावी लागते, म्हणून लोक ती लुटतात, असा आरोप होतो. मला वाटतं काकांना खुर्ची नकोच असते. त्यांना खुर्ची ढकलणारा हवा असतो. कोणती रांग, कोणतं दार, कोणती ट्रेन हे ज्याला ठाऊक आहे असा एक माणूस. आपल्या भाषेत त्याला ‘सोबत’ म्हणतात. पूर्वी मुलीला सासरी धाडताना गावातलं कोण त्या गाडीनं जातंय याची चौकशी व्हायची. आजही ‘आईबाबा अमुक तारखेच्या विमानानं येताहेत, कुणी सोबत आहे का?’ असे निरोप परदेशातल्या मराठी मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत असतात. सोबत मिळाली नाही की खुर्ची मागवली जाते. हा खुलासा झाला; समर्थन नाही. कारण ज्या आजींना खरोखरच उभं राहता येत नाही त्या त्याच रांगेत तासभर ताटकळतात, आणि काकांना हे समोर दिसत असतं. म्हणून ते त्या आजींशी बोलत बसतात, त्यांचा मुलगा कुठं असतो वगैरे. उठत मात्र नाहीत.

शिकागोला पाचव्या टर्मिनलमध्ये लाल चिंध्या पट्ट्यावरून फिरत येताना दिसतात तेव्हा काकूंच्या डोळ्यांत पाणी येतं. त्या बॅगा पुन्हा पट्ट्यावर टाकायच्या म्हटल्यावर काका मुठीवरचा हात काढायला तयार नसतात. तिथल्या कामगाराला त्या अक्षरशः सोडवून घ्याव्या लागतात. मग चालकाविना धावणारी ट्रेन, दुसरं टर्मिनल, एक लहानसं विमान, आणि शेवटी सिनसिनाटीच्या दारात उभे चिरंजीव. गाडी विमानतळावरून निघते, थोड्या वेळानं एका मोठ्या पुलावर चढते, खाली रुंद नदी. ‘बाबा, आता आपण ओहायोत आलो,’ चिरंजीव सांगतात. काका फोल्डर उघडतात, पाचवं पान काढतात, चष्मा सारखा करतात.

‘म्हणजे इतका वेळ आपण दुसऱ्याच राज्यात होतो? हे यात कुठं लिहिलंयस तू?’