वजाबाकीचे नाना

नानांना मनगटावरच्या घड्याळाची किंमत विचारून बघा. ते किंमत सांगणार नाहीत, फरक सांगतील. "चार हजार वाचले!" म्हणतील आणि मनगट तुमच्या नाकापुढे आणतील. पण मग खर्च किती झाले, हे विचारायला उसंत मिळत नाही, कारण तोवर दुसरं मनगट पुढे आलेलं असतं. त्यावर फुकट आलेलं घड्याळ असतं. ते लेडीज असतं. "पट्टा जरा आवळतो," नाना कबूल करतात, "पण एकावर एक फ्री होतं. टाकून कसं द्यायचं?"

असे नाना हल्ली दर सोसायटीत सापडतात. डोंबिवलीत आहेत, चिंचवडला आहेत, नाशिकरोडला आहेत. वय पासष्टच्या पुढे; सहकारी बँकेतून नाहीतर जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त; रक्तदाब गोळीने आटोक्यात, झोप कशानेच नाही. यातला झोपेचा मुद्दा महत्त्वाचा. मालिका संपल्या, बातम्यांतली भांडणं दमली, की कित्येक वाहिन्या रात्रीचा रिकामा वेळ विक्रीच्या कार्यक्रमांना देऊन टाकतात. हा बाजार ज्यांच्यासाठी भरतो, ते नाना त्या वेळी टक्क जागे असतात.

एरवी हा माणूस फसणाऱ्यांतला नव्हे. वीजबिल आलं की 'स्थिर आकार' आणि 'वहन आकार' यांची बेरीज ते स्वतः करून पाहतात. सोसायटीच्या वार्षिक सभेत सिंकिंग फंडाचा प्रश्न काढून त्यांनी तीन सेक्रेटरी घरी पाठवलेत. रिक्षावाल्याने सुटे दोन रुपये परत दिल्याशिवाय ते रिक्षातून पाय खाली ठेवत नाहीत. उभा जन्म दुसऱ्यांच्या खतावण्यांतल्या चुका काढण्यात गेला. आणि तेच नाना रात्री साडेअकराला कोचावर पुढे सरकून बसतात, कारण पडद्यावरचा माणूस म्हणालेला असतो, "थांबा, थांबा मित्रांनो, ऑफर अजून संपलेली नाही!"

हा माणूस मुळात हिंदीत बोललेला असतो आणि त्याच्यावर मराठी आवाज चढवलेला असतो. ओठ एक म्हणतात, कानांवर दुसरंच येतं. मराठी आवाज देणाऱ्या गृहस्थांचं मला फार कौतुक वाटतं. अर्धा तास सलग थक्क होत राहणं सोपं नाही. पडद्यावर ४,९९९ हा आकडा येतो, त्याच्यावर लाल फुली पडते. मग २,९९९ येतो, त्याच्यावरही फुली. शेजारची बाई "काय सांगताय!" असं किंचाळते. शेवटी ९९९ येतो आणि कोपऱ्यात कुठेतरी कुरिअरचे पैसे वेगळे, असं मुंगीच्या अक्षरांत लिहिलेलं असतं. नाना तिकडे पाहत नाहीत. त्यांच्या डोक्यात तोवर चार हजारांची वजाबाकी पूर्ण झालेली असते.

"पण नाना, ते घड्याळ मुळात ४,९९९ चं असेल कशावरून?" असं मी एकदा विचारलं.

"एमआरपी छापलीय अरे त्याच्यावर! छापील किंमत म्हणजे सरकारी काम आहे ते. कुणी उगाच छापू शकत नाही."

नानांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे, आणि हा सगळा धंदा त्या अर्ध्यावरच चालतो. पॅकबंद वस्तूवर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापलीच पाहिजे, असं वैधमापन शास्त्राचे २०११ चे नियम सांगतात. त्या किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. पण ती किंमत ठरवतो कोण? ज्याने माल बनवला, पॅक केला किंवा आयात केला, तोच. काही औषधांच्या किमतींवर सरकार मर्यादा घालतं. मनगटी घड्याळावर घालत नाही. तेव्हा ९९९ ला विकायच्या घड्याळावर ४,९९९ छापायला फारशी शाई लागत नाही. त्या किमतीला ते घड्याळ कुठल्या दुकानात, कुठल्या गावात, कोणत्या माणसाने कधी घेतलं, हे नानांनी अजून विचारलेलं नाही. बँकेत असते आणि कुणी असं व्हाउचर पुढे केलं असतं, तर त्याची आधारपत्रं मागवून त्याला आठवडाभर खेपा घालायला लावल्या असत्या.

पडद्याच्या कोपऱ्यात उलटी मोजणी करणारं एक घड्याळही असतं. दहा मिनिटं, नऊ मिनिटं, फक्त सतरा नग शिल्लक. मागे फोन खणखणत असतात. दुसऱ्या रात्री तोच कार्यक्रम, तोच शर्ट, तेच सतरा नग. घड्याळं विकणाऱ्यांच्या स्टुडिओत न पटणारी वेळ दाखवतं ते एवढं एकच घड्याळ! २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने टीव्हीवरून माल विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल १० लाखांचा दंड केला. टंचाईचा खोटा देखावा बंद करा आणि कार्यक्रम आधी चित्रित केलेला आहे हे प्रेक्षकांना ठळकपणे सांगा, असंही बजावलं. ही बातमी मी नानांना मुद्दाम वाचून दाखवली.

"बघ!" नाना म्हणाले. "म्हणजे सरकारचं लक्ष आहे. आता जे दाखवतात ते तपासलेलंच असणार."

या धंद्याचा उगम मोठा मजेशीर आहे. १९७७ साली अमेरिकेत, फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी, एका रेडिओ केंद्राला जाहिरातदाराने पैशांऐवजी डबे उघडण्याची ११२ यंत्रं दिली. केंद्रवाल्यांनी ती हवेतूनच विकायला काढली आणि हातोहात संपवली. त्यातून पुढे घरबसल्या खरेदीची अख्खी वाहिनी उभी राहिली. मला राहून राहून वाटतं, की त्या ११२ गिऱ्हाइकांत एखादा अमेरिकन नाना असणारच आणि त्याच्या घरी डबे उघडायचं एक यंत्र आधीच असणार.

पार्सल येतं तो दिवस नानांचा. आधी पैसे, मग खोका, हा कुरिअरवाल्याचा नियम नानांना खटकत नाही. तो खटकायला त्यांना रिक्षावालाच लागतो. खोका मखमली असतो. आत सोनेरी, ताटलीएवढं घड्याळ. डायलवर आणखी तीन छोट्या डायली, त्यांचे काटे रंगवलेले. "ते पायलट लोकांसाठी असतं," नाना सांगतात, "आपल्याला लागत नाही." मागच्या झाकणावर स्टेनलेस स्टील लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं, फक्त ते मागच्या झाकणापुरतंच खरं असतं. ३० मीटर पाण्यात चालतं, असंही लिहिलेलं असतं. घड्याळवाल्यांच्या हिशेबात त्याचा अर्थ हात धुताना शिंतोडे उडाले तर हरकत नाही, एवढाच. नाना मात्र सोसायटीतल्या पोरांना ते घालून विहिरीत सूर मारता येईल असं सांगतात. स्वतः नानांना पोहता येत नाही, हे त्या घड्याळाचं नशीब.

वर्षाभराने सेल संपला तेव्हा मी त्यांच्याबरोबर स्टेशनाबाहेरच्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी भिंग डोळ्याला लावून झाकण उघडलं आणि काही न बोलता घड्याळ आमच्यापुढे धरलं. आत पांढऱ्या प्लॅस्टिकचं भलंमोठं कडं, आणि त्या कड्याच्या मधोमध, मोठ्या वाड्यात एकटीच म्हातारी राहावी तसं, नखाएवढं मशीन.

"जपानी आहे ना?" नानांनी विचारलं.

"आहे की," घड्याळजी म्हणाले. "टाइम चांगला देतं. बिघडलं तर दुरुस्ती करत बसत नाही आम्ही, दुसरं टाकतो. स्वस्त असतं." आणि त्यांनी तसल्याच मशीनांनी भरलेली बरणी दाखवली.

नानांना यातली पहिली दोन वाक्यं ऐकू आली. परतीच्या वाटेवर ते खुशीत होते, आणि खरं सांगायचं तर त्यांना नावं ठेवायला मला जागा नव्हती. क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. तो स्वस्त खोक्यात असला काय नि महागड्या पेटीत असला काय. नानांचं घड्याळ महिन्याकाठी मिनिटभरही चुकत नाही. घड्याळाने त्यांना कधीच फसवलेलं नाही. त्यांना फसवतो तो फुली मारलेला आकडा, आणि त्याला सेल लागत नाही.

त्यांच्या कपाटात लग्नातलं एक एचएमटीही आहे, सासऱ्यांनी दिलेलं. या सरकारी कंपनीने १९६१ साली सिटिझनशी हातमिळवणी करून बंगळुरूत घड्याळं करायला घेतली, म्हणजे जपानी संबंध तिथेही होताच. चावी दिली की ते अजून चालतं. पण नाना ते घालत नाहीत. त्यात वाचलं काहीच नव्हतं. सासऱ्यांनी पूर्ण किंमत मोजली होती.

नानांकडे एक वही आहे. तीन रकाने: छापील, दिलेले, वाचलेले. पहिल्या दोन रकान्यांची बेरीज त्यांनी कधी केलेली नाही. तिसऱ्याची दर महिन्याला करतात. दिवाळीत ती एक लाख बावीस हजारांवर गेली, तेव्हा त्यांनी ती घरात मोठ्याने वाचून दाखवली. काकू चकल्या तळत होत्या. झारा हातात धरून त्या म्हणाल्या, "बरं झालं. मग त्यातले वीस हजार काढून द्या, गॅसची शेगडी बदलायचीय."

नाना वहीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "शेगडी अशी घाईने घ्यायची नसते. रात्री लागतं काही ना काही."

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. नानांना देऊन उपयोग नाही, तक्रार केली तर तिसरा रकाना खोडावा लागेल. तो त्यांच्या काकूंना द्या, आणि शक्यतो रात्री अकराच्या आत द्या.